जुन्या खात्याचा ताळा जुळेपर्यंत

चि. अद्वैतास,
अनेक आशीर्वाद.

संस्थेची सूचना तू पुढे पाठवलीस ती वाचली. महिनाअखेरीस माजी विद्यार्थ्यांची गुगल खाती बंद, आणि खाली तुझी एक ओळ: ‘टेकआउट केलंय, झिप माझ्या ड्राइव्हवर टाकतोय, काम झालं.’ टेकआउट म्हणजे गुगल खात्यातला आपला मजकूर झिपच्या गठ्ठ्यात उतरवून घेणं. तेवढ्याने काम अजून सुरूही झालेलं नाही, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि ऐकत नाहीस.

संस्थेवर चिडू नकोस. गुगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा २०२२ मध्ये काढून घेतली आणि अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी ठरवून दिली. दहा हजार खाती धरली तर माणशी दहा जीबी. आजी विद्यार्थ्यांचं भागवायचं तर माजींना उठवावंच लागतं.

तुझ्या स्वतःच्या खात्यात फुकटचे १५ जीबी आहेत आणि मेल, ड्राइव्ह, फोटो हे सगळं त्यातच बसवायचं आहे. जागा भरली की फक्त फाइली चढायच्या थांबत नाहीत, येणारी मेलही परत जायला लागते. बँक, पीएफ, कंपनी, सगळे तुला त्याच पत्त्यावर लिहितात. आणि झिप ड्राइव्हवर टाकली म्हणजे ती नुसती झिपच राहते. त्यातली मेल इनबॉक्समध्ये दिसत नाहीत, फोटो फोटोंमध्ये जात नाहीत. जागा मात्र पुरेपूर खातात.

मी बँकेच्या ईडीपीला, म्हणजे संगणक विभागात, असताना आमच्या शाखा कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळ्या शाखांच्या एकाच सामाईक प्रणालीवर, गेल्या, तेव्हा दोन्हीकडचा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज, पैशापर्यंत जुळल्याशिवाय जुनं मशीन बंद करायची मुभा नव्हती. आणि रक्कम जुळली तरी घोळ असायचाच. एका शाखेत मुदत ठेवींच्या मूळ तारखा गेल्या आणि सगळ्या ठेवी माइग्रेशनच्या दिवशी ठेवल्यासारख्या दिसू लागल्या. बेरीज बरोबर, व्याज चूक. ठेवीदारांच्या नावातली जोडाक्षरं फुटली ती वेगळीच.

तुझ्या फोटोंचं नेमकं हेच होणार आहे. टेकआउटमधून फोटो येतो तेव्हा त्याच्या शेजारी एक छोटी जेसन फाइल येते, त्या फोटोची तारीख वगैरे माहिती लिहिलेली. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख असते, ती टिकते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोच्या पोटातली तारीख आधीच पुसलेली असते, आणि अण्णांचे जुने स्कॅन केलेले फोटो, ज्यांना तू बसून एकेक साल घातलंस, त्यांची सालं फोटोत नाहीत, फक्त त्या जेसनमध्ये आहेत. नुसते फोटो नव्या खात्यात चढवलेस तर अण्णांची मुंज या आठवड्यात झाली असं दिसेल. त्या जेसन फाइली ‘कचरा’ म्हणून उडवू नकोस. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे. त्याने जेसनमधली तारीख फोटोच्या पोटात भरता येते, मग फोटो चढवायचे. आणखी एक, अल्बममधला फोटो सालाच्या फोल्डरमध्येही येतो आणि अल्बमच्या फोल्डरमध्येही, त्यामुळे नुसती संख्या मोजून ताळा लागणार नाही.

अल्बम नव्या खात्याला शेअर केला आणि तो तिथे दिसतोय, एवढ्यावर विसंबू नकोस. ती प्रत नव्हे. नव्या खात्यातून ‘सेव्ह’ केल्याशिवाय जुन्याबरोबर तोही जाईल.

मेल आणि ड्राइव्हसाठी मात्र झिपच्या भानगडीत पडायच्या आधी एक बघ. शाळा-कॉलेजच्या खात्यांतून मजकूर थेट दुसऱ्या गुगल खात्यात कॉपी करायची वेगळी सोय टेकआउटमध्येच आहे. संस्थेच्या अ‍ॅडमिनने ती चालू ठेवलेली असली पाहिजे. नव्या खात्यावर खात्रीसाठी कोड येतो, तो टाकायचा आणि वाट बघायची. कधी काही तास, कधी आठवडा. ती फक्त मेल आणि ड्राइव्ह नेते, फोटो नाही. कॉपी सुरू झाल्यानंतर जुन्या खात्यात केलेले बदल राहून जाऊ शकतात, तेव्हा त्या काळात तिथे काम करत बसू नकोस. आणि महिनाअखेरीच्या आदल्या रात्री तर मुळीच सुरू करू नकोस.

ती सोय बंद असेल तर मेल एमबॉक्स फाइलमध्ये, म्हणजे सगळी पत्रं एकाच फाइलीत, मिळते. जीमेलला ती थेट वाचता येत नाही. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये उघडून तिथून आयमॅपने (मेल खात्याशी जोडणी करायची पद्धत) नव्या खात्यात ओढता येते, पण जीमेल दिवसाला ५०० एमबीच आत घेतं. माझं ऐकशील तर सगळं ओढूच नकोस. मेसची नोटीस, हरवलेल्या सायकलीची मेल, फेस्टची वर्गणी, हे घेऊन काय करणार? एमबॉक्स डिस्कवर ठेव आणि कामाची पत्रं तेवढी ने.

ड्राइव्हमधले गुगल डॉक झिपमध्ये वर्डच्या फाइली होऊन येतात, शीट एक्सेलच्या. साध्या लिखाणाला चालतं, पण तुझ्या त्या शंभर फॉर्म्युल्यांच्या शीटा उघडून बघ. मालकी संस्थेबाहेरच्या खात्याला देता येत नाही, म्हणून महत्त्वाची डॉक्युमेंट नव्या खात्याला शेअर कर आणि तिथून स्वतःची प्रत काढ. प्रतीची लिंक नवी असते. तुझ्या पोस्टरवरचा क्यूआर कोड जुन्या फाइलकडे जात असेल तर तो मरणार, हे तुझ्या प्रकल्पाच्या सरांना आताच सांग.

सरांचं निघालंच आहे तर, सर्व्हेतली ती नावं आणि फोन नंबर असलेली शीट तुझी नाही. ती माणसं तुझ्या प्रकल्पासाठी बोलली, तुझ्या खासगी ड्राइव्हसाठी नाही. ती सरांच्या ताब्यात दे आणि तुझ्या झिपमधून काढ. याबाबत मी काही ऐकून घेणार नाही.

टेकआउट पुन्हा करशील तेव्हा ‘ड्राइव्हमध्ये ठेवा’ निवडू नकोस. बुडणाऱ्या खात्यातच झिप पडेल. डाउनलोडची लिंक घे. ती साधारण आठवडाभरच चालते. झिप तुकड्यांत येते, तुकडा दोन जीबीचा ठेव. मोठा तुकडा ५० जीबीपर्यंत मिळतो, पण नेट मध्येच तुटलं की सगळं पहिल्यापासून, आणि एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. ‘तुमची निर्यात तयार आहे’ अशी मेल आली तरी मेलमधल्या बटणावर जाऊ नकोस, स्वतः टेकआउटचं पान उघड. झिपच्या आत एक सूचीचं पान मिळेल, ते आधी वाच. कुठल्या फाइली निघाल्या नाहीत ते त्यात कळतं.

त्या झिपला कुलूप नसतं. आत तुझं आधार, पॅन, पासपोर्टचे स्कॅन, घरभाड्याचा करार, सगळं उघडं आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरवू नकोस, कंपनीच्या आयटीला ते बघण्याचा हक्क आहे आणि उगाच प्रश्न येतील. सेव्हन-झिप या फुकट प्रोग्रामने एईएस-२५६ चा (पक्क्या कुलुपाचा) पासवर्ड लावून दोन डिस्कवर ठेव. दोन्ही प्रती सारख्या आहेत का ते बघायला विंडोजमध्ये सर्टयुटिल या कमांडने दोन्हीचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसाच म्हण, काढ. एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी प्रत चुकली समज. ‘आम्ही तुमचं खातं हलवून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्याशा साइटला गुगलचं लॉगिन देऊ नकोस.

आणि हे करताना आपला हक्क वगैरे समजू नकोस. युरोपात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१८ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ च्या कायद्यात गळला. तेव्हा मिळतंय तोवर उचल.

मग रुजवात, म्हणजे पडताळणी. सगळ्यात जुनी मेल, सगळ्यात नवी मेल, एक मोठं अटॅचमेंट, देवनागरी नावाची एक फाइल, प्रत्येक सालातले दोन-चार फोटो, हे नव्या खात्यात उघडून बघ. नुसतं नाव दिसलं म्हणून पुढे जाऊ नकोस, उघड. ते झाल्याशिवाय जुन्या खात्यातलं काही पुसायचं नाही. ते संस्थाच पुसणार आहे, तू घाई कशाला करतोस?

अण्णांच्या फोटोंच्या तारखा मी लावून देईन, मला वेळच वेळ आहे. त्यांची सालं कुठे चुकली असतील तर ती मलाच ठाऊक. ती डिस्क दिवाळीला येताना हातातल्या बॅगेत आण, कुरिअर करू नकोस. पासवर्ड फोनवर सांग, चिठ्ठीवर लिहून डिस्कला चिकटवू नकोस.

आई

ता. क. गिटहब, लिंक्डइन, ओव्हरलीफ आणि मी तुला काढायला लावलेला म्युच्युअल फंड, या सगळ्यांवर संस्थेचाच ई-मेल आहे. पत्ता बदलायचा कोड बऱ्याचदा जुन्या इनबॉक्समध्ये येतो, म्हणून हे आधी कर, वरचं सगळं नंतर.