शेवळं आली, तू कधी येतोस?

प्रिय मिल्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "आता कुठले रे ट्रेक, सुट्टी नाही, गुडघा कुरकुरतो, हरिश्चंद्रगड आता फोटोतच बघायचा" हे तू ज्या आवाजात बोललास ना, ते ऐकून खूप वाईट वाटलं, म्हणून टाइप करत बसलोय. लांबेल, चहा घेऊन वाच.

दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो. आपल्या डोक्यात ट्रेक म्हणजे रात्रीची शेवटची कसारा लोकल, पाठीवर सॅक आणि सोमवारी ऑफिसात लंगडत जाणं. ते जमेनासं झालं तसा मी रविवारी घरातच लोळायला लागलो, आणि ठाण्यातल्या आमच्या किचनच्या खिडकीतून येऊरचा डोंगर, नॅशनल पार्कचाच भाग, समोर दिसतोय, वसंत विहारपासून चालत गेटपर्यंत अर्धा तास नाही, आणि मी तिथे जायचो कधी, तर पाहुणे आले की. एका जुलैत सहज सकाळी निघालो, साडेनऊला घरी परत. दुसऱ्या रविवारी पुन्हा. तेव्हापासून आजारपण सोडलं तर खाडा नाही. दोन-तीन तास, फार तर सहा-सात किलोमीटर, बस.

तू म्हणशील तोच डोंगर परत परत काय बघायचा. अरे, तो तोच नसतोच! मी आमच्या कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या हिशोबाशेजारी त्या दिवशी काय दिसलं ते दोन शब्दांत, आणि जुनं कॅलेंडर टाकत नाही, आई ओरडते तरी. फेब्रुवारीत कौशी फुलते, झाडावर एक पान नाही आणि फांद्यांना नुसते शेंदरी फुलांचे घोस, शिंजीर पक्षी वेड्यासारखे घिरट्या घालतात. मग पळस, पांगारा. एप्रिल-मेमध्ये बहावा, आणि उन्हाळ्यात साडेसहालाच चढायला लागायचं, नऊनंतर डोंगर भाजून काढतो. करवंदं तेव्हाच. आणि पाऊस जवळ आला की नवरंग पक्षी येतो, दोन सुरांची शीळ घालतो, दिसत मात्र नाही पटकन, मागच्या वर्षी वीस मिनिटं एका बांबूच्या बेटाकडे बघत उभा राहिलो तेव्हा कुठे पोटाखालचा लाल रंग दिसला.

आता सांगतो हे पत्र आजच का. परवा वळीव पडला आणि काल वाटेच्या कडेला, पाचोळ्यातून, शेवळं वर आलेली, तीच रानभाजी. पान नाही काही नाही, जमिनीतून सरळ एक दांडा आणि वर गुंडाळलेलं तपकिरी-जांभळं आवरण, भाल्याच्या टोकासारखं. एक उमललेलं होतं, मी गुडघ्यावर बसून नाक जवळ नेलं, कुजक्या मांसाचा वास, कारण त्या वासाने येणारे किडेच त्याला हवे असतात परागीभवनाला. मी हात लावला नाही, नॅशनल पार्कातलं काही उपटायचं नाही हे पक्कं, येताना जांभळी नाक्यावर पाड्यावरच्या मावशींकडून दोन जुड्या घेतल्या.

पावसाळा संपता संपता सागाच्या पानांची जाळी होते ती बघायला तर तू यायलाच हवंस. बारक्या अळ्या शिरांच्या मधला सगळा हिरवा भाग खातात, शिरा सोडून देतात. पान उजेडात धरलं तर आरपार ढग दिसतात. पहिल्यांदा मला वाटलं झाडं मरायला लागली, पण नाही, सागाला पुन्हा पालवी फुटते.

आणि तू तर ऐरोलीत राहतोस! नोव्हेंबरपासून मेपर्यंत लोक कुठून कुठून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला तुझ्या खाडीवर येतात, ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला, बोटीची वेळ भरती-ओहोटी बघून ठरते, आणि तू मला सांगतोस खाडीला वास येतो. येतो वास, चिखलच आहे तो, पण त्याच चिखलावर आणि पाण्यातल्या शेवाळावर ते जगतात, त्यातूनच पंखांना गुलाबी रंग येतो. थंडीत तू मला ने, आता मी तुला नेतो. शिवाय घणसोलीचा गवळीदेव डोंगर तुला माझ्यापेक्षा जवळ.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. पहिल्या पावसाळ्यात मी एक ओढा ओलांडून पलीकडे गेलो, घोट्याएवढं पाणी होतं. वर कुठेतरी कोसळला असणार, तासाभराने परत आलो तर पाणी मांडीपर्यंत, गढूळ, दगड दिसेनात. मी घाबरलो, खरंच घाबरलो. दीड तास भिजत थांबलो, पाणी उतरल्यावर पाड्यावरच्या एका काकांनी काठी देऊन अलीकडे घेतलं. तेव्हापासून पाऊस चालू असताना ओढा ओलांडायचा नाही, आणि धबधब्याखाली तर जायचंच नाही, खारघरच्या पांडवकडा धबधब्याला दरवर्षी पावसात बंदी का घालावी लागते ते तुला माहितीये. बिबट्यांचं घर आहे ते, म्हणून उजाडल्यावर आत आणि अंधाराच्या खूप आधी बाहेर. एकट्याने शक्यतो नाहीच, हे मी आता आता शिकलोय.

राग एकाच गोष्टीचा येतो, तिथे पडलेल्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. मी एक पिशवी खिशात ठेवतो, भरते ती दरवेळी.

तर गुडघ्याचं असं कर, डॉक्टरला विचारून ये, चढ हळू घेऊ, मध्ये बसू, कुठे पोचायचंच नाहीये आपल्याला. रविवारी सव्वासहाला उपवन तलावाच्या कोपऱ्यावर, छत्री आण, रेनकोटमध्ये उकडतं. कपडे निळे नकोत, मातकट काहीतरी घाल, आणि फोन सायलेंट. परत येताना घरी जेवूनच जा, शेवळांची भाजी आहे, आतला पिवळा भाग काढून टाकला नाही तर घसा खाजतो, म्हणून आई ती स्वतःच साफ करते, कुणाला हात लावू देत नाही, आणि आंबटाला काकडं, ती रानातली आंबट फळं, आणून ठेवलीत तिने. विचारत होती, मिलिंद येतोय ना नक्की, म्हणजे तांदूळ त्या हिशोबाने टाकते.

तुझाच,
सच्या