'टेम्पर' म्हणजे केवळ राग नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या एका इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'टेम्पर' या शब्दापुढे 'राग, संताप' एवढाच अर्थ छापलेला पाहून वाईट वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्यावर विसंबणाऱ्या मुलाला 'ईव्हन टेम्पर' म्हणजे समतोल स्वभाव हे कधीच उमगणार नाही. आणि 'टेम्पर लूज करणे' याचा अर्थ त्याने शब्दशः लावला, तर राग गमावलेला माणूस शांत झाला असेच तो समजेल. वास्तविक तेथे माणूस गमावतो तो मनाचा तोल.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'टेम्परारे' या क्रियापदात आहे. योग्य प्रमाणात मिसळणे आणि आवर घालणे असे त्याचे अर्थ असून, मद्यात पाणी घालून ते सौम्य करण्यालाही हेच क्रियापद वापरीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने उष्ण, शीत, कोरडे व ओले या गुणांच्या मिश्रणावरून शरीरप्रकृतीचे नऊ प्रकार मांडले आणि त्यांतील एकच समतोल मानला. मिश्रणासाठी त्याने योजलेला 'क्रासिस' हा ग्रीक शब्द लॅटिनमध्ये 'टेम्परामेंटम' झाला, आणि शरीरातील मिश्रण जसे तसा स्वभाव, या समजुतीतून 'टेम्परामेंट' रूढ झाला. 'टेम्परेचर'ही याच कुळातला. भिंतीला लावायचा 'डिस्टेंपर' आणि कुत्र्यांना होणारा त्याच नावाचा आजार यांचे नातेही येथेच जुळते: एक कालवलेला रंग, तर दुसरे शरीरातील बिघडलेले मिश्रण.

पोलादाच्या 'टेम्परिंग'मध्ये तर मूळ अर्थ आजही जिवंत आहे. लाल तापवून एकदम थंड केलेले पोलाद कठीण होते, परंतु ठिसूळही होते. ते पुन्हा बेताने तापवले की थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. अशा पात्याविषयी बोलताना 'टेम्पर' म्हणजे राग, असे कोण म्हणेल? 'बॅड टेम्पर', 'हॉट टेम्पर' असे म्हणता म्हणता पुढे विशेषण गळाले आणि त्याचा दोष मूळ नामाला चिकटला, असे मला वाटते.

याहून नवलाची गोष्ट आपल्याच भाषेत आहे. फारसीतून आपल्याकडे आलेल्या 'मिजाज' या अरबी शब्दाचा धात्वर्थही मिसळणे हाच आहे आणि ग्रीक वैद्यकाची अरबी भाषांतरे झाली तेव्हा 'क्रासिस'साठी हाच शब्द योजला गेला. म्हणजे 'टेम्पर' आणि 'मिजाज' ही एकाच कल्पनेची दोन भाषांतील रूपे होत. पुढे इंग्रजीत 'टेम्पर'चा राग झाला आणि मराठीत 'मिजाज'ची 'मिजास' होऊन तिला ताठ्याचा अर्थ चिकटला. मैफलीचा मिजाज म्हणताना मात्र आपण जुना, निकोप अर्थच वापरतो.

म्हणून कोशकारांना विनंती आहे की, 'टेम्पर'पुढे आधी 'स्वभाव, मिजाज', मग 'मनाचा तोल' आणि त्यानंतर 'राग' असा क्रम द्यावा, तसेच पोलादाचा अर्थ वेगळा नोंदवावा.

आपला नम्र,
एक वाचक