परदेशी सेवेतील निरोपाची तयारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून माझ्या ओळखीतले काही निवृत्त शिक्षक परदेशी सेवेविषयी माझ्याकडे चौकशी करतात. निवड, व्हिसा, लसी, मानधन हे सारे विचारून होते; पण सेवा संपवून तेथून निघायचे कसे, हे कोणी विचारत नाही. स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थाही अखेरीस अहवाल आणि हिशेबाचे कागद भरून घेण्यापलीकडे त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मी रवांडाच्या हुये जिल्ह्यातील ग्रामीण शाळांत शिक्षकांबरोबर काम केले. २००८ मध्ये तेथील सरकारने शिक्षणाचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला आणि स्वतः फ्रेंचमधून शिकलेल्या शिक्षकांवर इंग्रजीतून गणित-विज्ञान शिकवण्याची वेळ आली. त्यांचा सराव घेणे हे माझे काम होते. मात्र परदेशी बाई समोर असेपर्यंत बैठक तिनेच चालवावी, असा सर्वांचा आग्रह असे. त्यामुळे शेवटच्या सत्रात ती जबाबदारी दोन स्थानिक शिक्षिकांकडे सोपवून मी मागच्या बाकावर बसू लागले. सुरुवातीला उपस्थिती घटली, पण पुढे ती सावरली.

सामानाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, प्रत्यक्षात तोच सर्वांत नाजूक असतो. सायकल, शेगडी, गादी यांवर अनेकांचा डोळा असतो (त्यात गैर काही नाही), आणि एखादी वस्तू शेजारणीला दिली की घरमालकिणीचे मन दुखावते. मुख्याध्यापकांच्या सल्ल्याने मी सगळ्याची यादी करून ते शाळेच्या स्वाधीन केले.

रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘उमुगांडा’ हे सार्वजनिक श्रमदान होते आणि त्यानंतर गावकऱ्यांची बैठक भरते. मी केव्हा जाणार आणि यापुढे कोणाला विचारायचे, हे तेथेच सर्वांसमक्ष सांगितले. नंतर शाळेत फँटाच्या बाटल्या आणि लांबलचक भाषणे झाली. पुन्हा कधी येणार, या प्रश्नावर मी कोणतेही वचन दिले नाही. काहींना ते कोरडे वाटले असेल. तरीही न पाळता येणाऱ्या आश्वासनापेक्षा ते बरे, असे माझे मत आहे.

निरोपाला वेळ मिळेलच, असेही नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ने साठहून अधिक देशांतील सुमारे सात हजार स्वयंसेवक एकदम मायदेशी बोलावले, तेव्हा कित्येकांना गावकऱ्यांना धड भेटताही आले नाही. म्हणूनच काम पुढे कोण चालवणार, त्या स्थानिक व्यक्तीचे नाव संस्थेने स्वयंसेवक पाठवतानाच ठरवावे, कराराचे शेवटचे तीन महिने हस्तांतरासाठी राखावेत आणि सहा महिन्यांनी काय टिकले, याची विचारणा परतलेल्या स्वयंसेवकाऐवजी त्या गावाकडे करावी. जाऊ इच्छिणाऱ्यांनीही मुलाखतीतच याबद्दल संस्थेला विचारावे आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर दुसरी संस्था पाहावी.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा