पी-टाऊची चाचणी हेल्थ चेकअपमध्ये नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रक्तातील प्रथिनांवरून अल्झायमर ओळखता येऊ लागला, ही मोठी गोष्ट आहे. पण कुणाचा, हे बातम्यांत बऱ्याचदा निसटते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधे व चाचण्यांना मान्यता देणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये अशा पहिल्या चाचणीला परवानगी दिली, ती वय पंचावन्न किंवा जास्त असलेल्या आणि लक्षणे आधीच दिसत असलेल्या रुग्णांपुरती. तिच्यात अल्झायमरशी संबंधित दोन प्रथिनांचे गुणोत्तर काढतात: रक्तातल्या पी-टाऊ २१७ ला बीटा-ॲमिलॉइड १-४२ ने भागतात. अल्झायमरमध्ये मेंदूत जे साचते, ते हेच ॲमिलॉइड. ४९९ नमुन्यांत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के जणांच्या मेंदूत ॲमिलॉइड असल्याला पेट स्कॅनने किंवा मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीने दुजोरा दिला.

धडधाकट माणसाला हा आकडा लागू नाही. चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे ॲमिलॉइड असलेल्यांना पॉझिटिव्ह आणि नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्यात, ९० टक्के अचूक धरा. विस्मरणाच्या तक्रारीने आलेल्या हजारांपैकी ५०० जणांच्या मेंदूत ॲमिलॉइड असेल, तर ४५० पॉझिटिव्ह खरे, ५० खोटे. लक्षणे नसलेल्या हजारांत १०० जणांच्याच मेंदूत ते असेल, तर ९० खरे आणि ९० खोटे! शिवाय ॲमिलॉइड साचलेले कित्येक जण शेवटपर्यंत ठणठणीत असतात.

नमुन्याकडे तर कुणाचेच लक्ष नसते. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेऊन लवकर सेंट्रिफ्यूज करावे (यंत्रात वेगाने फिरवावे), प्लाझ्मा म्हणजे वरचा पेशीविरहित द्रव पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये वेगळा काढून गोठवावा. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर तेच रक्त संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत तसेच राहिले, तर बीटा-ॲमिलॉइड घटते. ते ट्यूबच्या भिंतीलाही चिकटते. पी-टाऊ मात्र बराच टिकून राहतो. भागिले ज्याने करायचे तेच कमी झाल्याने गुणोत्तर फुगते आणि निरोगी माणूस पॉझिटिव्ह ठरू शकतो. म्हणून रक्त घेतल्याची आणि प्लाझ्मा वेगळा केल्याची वेळ रिपोर्टवर छापलीच पाहिजे.

किडनी अधू असेल तरी पी-टाऊ वाढलेला दिसतो. मधुमेहींची संख्या पाहता सोबत किडनीची क्रिएटिनिन तपासणी हवीच. उलट, लठ्ठ व्यक्तीत पी-टाऊ कमी दिसू शकतो. एनएफएल हे प्रथिन तर मज्जातंतूंच्या कुठल्याही इजेत वाढते. ते एकटे पाहून अल्झायमर म्हणणे चूक.

घरातले कुणी विसरू लागले असेल, तर आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का ते बघा, नैराश्य आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. यातली बहुतेक कारणे उपचारांनी सुधारतात आणि या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात.

– एक पॅथॉलॉजिस्ट, पुणे