तुझा कोंबडा निर्दोष होता

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला तू येऊन गेल्यापासून मी पत्र लिहिले नाही, याला माझा गुडघा कारण नाही. तो आहे तसाच आहे. खरे कारण असे की, तू दिलेला कोंबडा मी त्यानंतर आठच दिवसांत मावसभावाला देऊन टाकला आणि ते तुला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

माझ्या कवडी कोंबडीच्या पाठीवरची पिसे जाऊन गुलाबी कातडे दिसू लागले, तेव्हा मी सरळ त्याच्यावर आळ घेतला. चढताना नख्यांनी पाठ आणि चोचीने मान उघडी पाडणे हे कोंबड्याचेच काम, आणि एका नरामागे आठ-दहा माद्या हव्यात असे तू बजावले असताना माझ्याकडे होत्या सहा. पण तो गेल्यावर पिसे येण्याऐवजी शेपटीच्या बुडापर्यंत उघडे पडले. आश्विनात कोंबड्यांची पिसे गळतातच, म्हणून पंधरा दिवस मी निवांत राहिलो. परंतु ती गळती डोक्या-मानेकडून सुरू होते आणि हिची मान तर शाबूत होती. मग पिसांच्या मुळाशी लिखा शोधल्या, रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीच्या फटींत रक्त पिणारे लाल किडे शोधले. आई म्हणाली, "एवढ्या बारकाईने कधी स्वतःचा चष्मा शोधला नाहीस."

परवा दुपारी पडवीत चहा घेत होतो. चंद्री, जिला तू साध्वी म्हणायचास, ती सावकाश कवडीच्या मागे आली, नुकता फुटलेला निळसर कोंब तिने चोचीत धरून उपटला आणि गिळला. कवडी एकदा ओरडली आणि तिथेच उभी राहिली. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असते, त्याची चव तिला लागली होती.

दोष माझाच. पीस म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिन, आणि मी घालत होतो कोंडा आणि कण्या. त्यात पावसाळाभर सहाजणी चार बाय तीन फुटांत कोंडलेल्या. खुराडे अपुरे आहे असे तू मे महिन्यातच म्हणाला होतास, त्यावर मी तुझ्या जिन्याचा विषय काढून जे भांडण केले ते मला आठवते, तुलाही आठवत असेलच. जिना अजूनही अरुंदच आहे, ते मी मागे घेत नाही.

आता चंद्री वेगळी, टोपलीखाली डालली आहे. कवडीच्या जखमेला जांभळे औषध लावले आहे, कारण लाल दिसले की बाकीच्याही टोचू लागतात. खाण्यात सुकट आणि शेंगदाण्याची पेंड वाढवली आहे, लोळायला राख-वाळूचा खड्डा केला आहे आणि खुराडे दुप्पट करायला घेतले आहे.

वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले, बरे वाटले. धाकट्याच्या नोकरीचे काय ते कळव.

कोंबडा परत आणायला मी रविवारी जाणार आहे. आमच्याकडच्या एकुलत्या डालीखाली चंद्री आहे, तेव्हा तुझी मोठी डाल शनिवारच्या एसटीने पाठव.

तुझा,
अण्णा