त्या माणसांना नावं आहेत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पाहिला. मामानं हसरे चेहरे टाकले, काकूनं ‘अगंबाई’ लिहिलं. मी काही लिहिलं नाही, कारण मला जे सांगायचंय ते मोबाइलवर दोन ओळींत मावणारं नाही. वर तू एवढंच लिहिलं होतंस, ‘पापुआचे आदिवासी’. इतकी वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे तेवढ्यावर मला गप्प राहवेना.

त्या एका मिनिटात चार वेगळे लोक होते, हे तुझ्या लक्षात आलं का? मातीचे जड मुखवटे घातलेले ते असारो, पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका गावाजवळचे. डोक्यावर केसांचा मोठा टोप आणि तोंडाला पिवळा रंग, ते हुली. तो टोप माणसाच्याच केसांचा असतो. लग्नाआधी मुलगे घरापासून लांब एकत्र राहून, बरेच नियम पाळून ते केस वाढवतात. कमरेला वाळक्या भोपळ्याची नळी, म्हणजे कोटेका, बांधलेले ते दानी. ते न्यू गिनी बेटाच्या पश्चिमेला, इंडोनेशियाकडे असलेल्या भागात, बालिएम नदीच्या खोऱ्यात राहतात. आणि झाडावरचं ते घर कोरोवाई लोकांचं, खालच्या दलदलीच्या रानातलं. या चौघांना एकत्र बसवलं तर एकाची बोली दुसऱ्याला कळायची नाही.

झाडावरच्या घराचं आणखी एक सांगते. बीबीसीनं २०११ च्या मालिकेत कोरोवाईंचं असंच एक उंचच उंच घर दाखवलं होतं. ते चित्रीकरणासाठी मुद्दाम बांधून घेतलेलं होतं, राहतं घर नव्हतं, हे २०१८ मध्ये त्यांनीच कबूल केलं. तेव्हा डोळ्यांना दिसतं त्यावरही जरा थांबून विश्वास ठेव.

ग्रीनलंडनंतर जगातलं सगळ्यात मोठं बेट हे. पूर्वेच्या अर्ध्या भागातल्या देशात ८०० हून अधिक भाषा, पश्चिमेला आणखी अडीचशेच्या वर. वर्गात मी कारण सांगायची ते डोंगरांचं: उभे कडे, दलदली, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला वाट नाही, त्यात हजारो वर्षांची वस्ती आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा राजा कधी झालाच नाही. पण तेवढ्यानं भागत नाही. सेलेपेट भाषा बोलणाऱ्या एका गावानं बैठक घेऊन ठरवलं, की आजूबाजूची सगळी गावं ‘नाही’ला ‘बिया’ म्हणतात, तर आपण दुसरा शब्द वापरायचा. का? आपण वेगळे आहोत, एवढ्याचसाठी. मला हे फार आवडतं. वेगळेपण त्यांच्यावर डोंगरांनी लादलेलं नाही, ते त्यांनी हौसेनं जपलंय.

ओक्सापमिन लोकांची मोजणी तर आत्ता करूनच बघ. एका हाताच्या अंगठ्याला एक म्हण, करंगळीला पाच. मनगट सहा, पुढचा हात सात, कोपर आठ, दंड नऊ, खांदा दहा, मान अकरा, कान बारा, डोळा तेरा, नाक चौदा. मग तसंच दुसऱ्या अंगानं खाली उतरायचं, तिकडच्या करंगळीला सत्तावीस. आकड्याचं नाव आणि अवयवाचं नाव एकच. डोंगरातली ‘मी’ नावाच्या जमातीची लोकं मात्र साठाच्या हिशेबात मोजायची आणि व्यवहाराला कवड्या वापरायची. आपल्याकडं कवडी सारीपाटावर आणि गोंधळ्याच्या माळेत राहिली, तिथं अगदी अलीकडेपर्यंत ती चलन होती.

मला सगळ्यात जवळची वाटते ती नोकेन. झाडाच्या सालीचे धागे काढून, मांडीवर वळून, हातानं गुंफलेली जाळीची झोळी. तिचा पट्टा कपाळावर घेतात आणि झोळी पाठीवर सोडतात. त्यात रताळी, सरपण, डुकराचं पिल्लू, आणि तान्हं मूलही. २०१२ मध्ये युनेस्कोनं तिला तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं. तू पोटात असताना आजीनं जुन्या लुगड्याची झोळी शिवून ठेवली होती. ती मला आठवते.

जगाला बालिएम खोरं कळलं १९३८ मध्ये, विमानातून. वरून दिसलं काय, तर चर खणून पाण्याला वाट काढून दिलेली रताळ्याची आखीव शेतं आणि हजारो माणसं. त्याच डोंगररांगांत पूर्वेला कूकच्या दलदलीत सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या खुणा निघाल्या आहेत. जाड, गोड, रसाळ ऊस पहिल्यांदा माणसाळवला तो याच बेटावरच्या लोकांनी. आपल्या मळ्यातला ८६०३२ जातीचा ऊस कोइमतूरला तयार झाला खरा, पण त्याच्या रक्तात बराचसा अंश तिकडचाच. तुझी कॉलेजची फी ज्या पिकानं भरली, ते ज्यांनी आधी ओळखलं आणि वाढवलं, त्यांच्या वारसांना ग्रुपवर हसलं गेलं, याचं मला वाईट वाटलं.

हे हसू साधं नसतं रे. १९७० च्या दशकात इंडोनेशियाच्या सरकारनं कोटेका सोडवून कपडे घालायला लावायची मोहीमच काढली होती. अर्नोल्ड आप नावाचा एक माणूस त्याच पश्चिम भागातल्या जयापुरा शहराच्या विद्यापीठात संग्रहालय सांभाळायचा. त्यानं निरनिराळ्या जमातींची गाणी गोळा केली आणि १९७८ मध्ये सोबत्यांना घेऊन ‘मांबेसाक’ हा गायकांचा संच काढला. बियाक भाषेत मांबेसाक म्हणजे स्वर्गपक्षी. ज्या भाषेतलं गाणं, त्याच भाषेत गायचं. १९८४ मध्ये त्याला गोळी घालून मारलं. गाणी गोळा करणाऱ्या माणसाची कुणाला इतकी भीती वाटावी?

दक्षिणेला मेराउकेकडं मारिंद लोक आहेत. आपल्याकडं देवक असतं ना, तसं त्यांचं प्रत्येक कुळ एखाद्या झाडाशी नाहीतर प्राण्याशी नातं सांगतं. गेब्झे कुळाचा नारळ, महुझेंचा सागो माड. २०२४ पासून त्यांचं रान तोडून तिथं प्रचंड मोठी लागवड सुरू झाली आहे. कशाची? उसाची. ही बातमी मी दोनदा वाचली, मग उठून मळ्यात जाऊन आले.

तो व्हिडिओ काढून टाक असं मी म्हणत नाही. खाली चार ओळी लिही: असारो, हुली, दानी, कोरोवाई. काकूला तरी कळेल कोण कुठलं ते.

आपली तोड पुढच्या आठवड्यात आहे, टोळी आली. शनिवारी येशील तर गाडीबरोबर चार कांड्या जास्त ठेवते. आल्यावर ताईच्या पोरीला सत्तावीसपर्यंत मोजायला शिकव. मी शिकवायला गेले, तर नाकाशी आली की तिला हसू फुटतं आणि पुढचं राहूनच जातं.

तुझी,
आई