पाचारण शोधणाऱ्या लेकीस

बायणा, वास्को

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही दोघं बरी आहोत. पप्पांचा गुडघा थंडीत धरायचा, तो आता मोकळा झालाय.

तुझं पत्र मी सावकाश वाचलं. तरुणांच्या शिबिरात कृपादानांची, म्हणजे देवाने कुणाला कुठली देणगी दिली याची, प्रश्नावली भरून घेतली. कुणाला शिक्षणाचं दान निघालं, कुणाला सुवार्तेचं, कुणाला गायनाचं. तुझ्या कागदावर मात्र सगळ्या रकान्यांत मधलेच गुण. तेव्हापासून तुला वाटतंय की देवाने तुझ्यासाठी काही योजलेलंच नाही, किंवा योजलं असलं तरी ते तुला सापडत नाही. नोकरी सोडून बायबल कॉलेजात जावं का, असंही विचारलं आहेस. हा प्रश्न मी हलका धरत नाही. आपल्याला कशासाठी घडवलं हे जाणून घ्यायची ओढ देवच मनात घालतो.

पण तू जिथे शोधते आहेस तिथे उत्तर मिळेल असं मला वाटत नाही. तू सारखी स्वतःच्या आत पाहते आहेस. नोकरीत, मंडळीत, शेजारीपाजारी मी जी माणसं आपल्या पाचारणात, म्हणजे देवाने ज्यासाठी बोलावलं त्या कामात, स्थिर झालेली पाहिली, त्यांतलं कुणीही असं आत बघून तिथवर पोचलं नाही. त्यांनी कुणावर तरी प्रीती केली, त्या माणसासाठी जे करावं लागलं ते केलं, आणि करता करता आपण कशासाठी आहोत हे त्यांना उमगत गेलं.

तुमची प्रश्नावली बायबलमधल्या, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायावर बेतलेली असणार. कृपादानं, शरीराचे अवयव, प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, सगळं तिथे आहे. पण पौल तिथे थांबत नाही. याहूनही उत्तम मार्ग दाखवतो असं म्हणून तो तेराव्या अध्यायात शिरतो. ज्ञान असलं, डोंगर हलवणारा विश्वास असला आणि प्रीती नसली, तर मी काहीच नाही, असं तो स्वतःबद्दल लिहितो. करिंथच्या मंडळीत दानांची वाण नव्हती. कुणाचं दान मोठं यावरून माणसं एकमेकांना तुच्छ लेखत होती. म्हणून बारावा अध्याय वाचून पुस्तक मिटू नये. मधले गुण पडले म्हणून रडू तर अजिबात नये.

सांकवाळचं संत जुझे वाझ यांचं स्थान तुला आठवत असेल. शाळेत असताना तुम्ही गेला होतात. जवळच जुन्या चर्चची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. आपण कॅथलिक नाही, पण गोव्यात राहून या माणसाकडून शिकलो नाही तर आपलंच नुकसान. 1651 मध्ये बाणावलीला जन्म, आईवडिलांचं घर सांकवाळचं. धर्मगुरू झाल्यावर त्यांच्या कानावर आलं की लंकेतल्या कॅथलिक लोकांना धर्मगुरूच उरलेला नाही. 1658 मध्ये डचांनी जाफना घेतली आणि पाद्र्यांना तिथे बंदी झाली. बाप्तिस्मा नाही, प्रभूभोजन नाही, मरणाऱ्याजवळ प्रार्थना करायला कुणी नाही. जवळजवळ तीस वर्षं हे असं चाललं होतं. त्या माणसांचं दुःख वाझ यांच्या मनातून जाईना. 1687 मध्ये ते गरीब मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले आणि दारोदार फिरत विश्वासी माणसं शोधू लागले. पुढे कॅन्डीत पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते यापुढचं. 1697 मध्ये कॅन्डीत देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना टाकून पळाले. वाझ आले होते ते आपल्या लोकांना संस्कार देण्यासाठी. फोड धुणं, पेज पाजणं, मेलेल्यांना पुरणं हे काही त्यांनी लंकेला निघताना ठरवलेलं नव्हतं. तरीही सोबतच्या पाद्र्याला घेऊन त्यांनी ते सगळं केलं, आणि आजारी कुठल्या धर्माचा हे विचारलं नाही. रस्त्यावर माणूस पडलेला होता एवढं त्यांना पुरलं. 1711 च्या जानेवारीत कॅन्डीतच ते वारले. घरी परत आलेच नाहीत. 14 जानेवारी 2015 ला पोपनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं, तेव्हा आपल्या गल्लीतल्या कॅथलिक शेजाऱ्यांनी टीव्ही लावून सगळ्यांना घरात बोलावलं होतं. तूही होतीस.

इथे तुला एक इशारा देते, कारण चांगल्या मनाच्या मुलांचाही इथेच पाय घसरतो. आपला हेतू सापडावा म्हणून लोकांची सेवा करायला निघालीस, तर ती प्रीती नव्हे. मग समोरचा माणूस तुझ्या शोधातली पायरी होतो. आजाऱ्याला हे लगेच कळतं. वॉर्डात मी किती जण पाहिले, फळं वाटून, हात जोडून, फोटो काढून जाणारे. पेशंट तोंड भिंतीकडे फिरवायचे. आणि एखादी आया काही न बोलता चादर नीट करायची, तिचा हात ते धरून ठेवायचे. वाझ स्वतःला शोधायला लंकेला गेले नव्हते. त्यांना ती माणसं हवी होती.

आपल्या महिला मंडळातल्या त्या अबोल बाई तुला माहीत आहेत. उपासनेत वचन वाच म्हटलं तरी त्यांचा घसा सुकतो. मध्यंतरी त्या बांबोळीला गोमेकॉत, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, कुणाला तरी भेटायला गेल्या. शेजारच्या खाटेवर दोडामार्गचा एक म्हातारा होता आणि त्याची बायको व्हरांड्यात उपाशी बसलेली. सिंधुदुर्गातून किती माणसं तिथे येतात तुला ठाऊकच आहे. रक्ततपासणी कुठे, रिपोर्ट कुठे, काही ठाऊक नसतं. या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्या दोघांसाठी पेज आणि लोणचं नेलं. मग कागद घेऊन त्यांच्यासोबत खिडकीवर उभ्या राहिल्या. म्हातारा बरा होऊन गेला, पण बाई जात राहिल्या, कारण त्या खाटेवर दुसरं कुणीतरी आलं होतं. आता मंडळीतल्या आम्ही चौघी-पाच जणी पाळी लावून जातो. कुठल्या खिडकीवर कधी गर्दी नसते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. प्रश्नावलीत याला रकाना नसणार. देवाकडे मात्र आहे, हे मी छातीठोकपणे सांगते.

प्रेषितांच्या कृत्यांतली दुर्कस घे. यापोची ही शिष्या गेली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. तिच्या तोंडचा एक शब्द शास्त्रात नाही. कापड, सुई आणि कुणाला काय हवं याचं भान, एवढ्यावर तिला शिष्या म्हटलंय.

आता तुझ्या पत्राकडे येते. पाचारणावर भरभरून लिहून झाल्यावर शेवटी तू सहज लिहिलंस की समोरच्या फ्लॅटमधल्या आजींच्या गोळ्या पाहिल्या, तर दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी रक्तदाबाचं तेच अॅम्लोडिपिन दिलेलं. त्यांचे पाय सुजले होते. तू त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेलीस, एक गोळी बंद झाली, सूज उतरली. आणि लगेच पुढच्या ओळीत, ‘देवाचं माझ्याबद्दल काही ठरलंय असं वाटत नाही.’ बाळा, ही दोन वाक्यं मी पप्पांना एकापाठोपाठ वाचून दाखवली. ते म्हणाले, ही पोर लिहिते काय हे तिला तरी कळतंय का! पणजीला फार्मसी शिकलीस, पुण्यात नेमकं ते घर मिळालं, आजींचा मुलगा परदेशी. मला यात देवाचा हात दिसतो. आपण करावीत अशी सत्कृत्यं देवाने आधीच योजून ठेवली आहेत आणि आपण ती करत चालायचं आहे, असं पौल इफिसकरांना लिहितो. कुणालाही सगळा रस्ता एकदम दाखवून मिळत नाही.

नोकरीबद्दल माझं स्पष्ट मत ऐक. आज सोडू नकोस. चांगल्या शोमरोन्याचं उदाहरण नीट वाच. तो आपल्या कामाने प्रवासाला निघालेला माणूस. जखमी माणसापाशी थांबला, तेल आणि द्राक्षारस लावला, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले, जास्त लागलं तर परत येताना देतो म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. त्याने प्रवास रद्द केला नाही. सगळं एकट्याने केलं नाही. आणि अर्धवटही सोडलं नाही. सगळ्यांचं सगळं आपणच करायचं असं धरलंस तर तू सहा महिन्यांत कोमेजशील.

शिवाय तुझ्या लॅबमधलं औषधं तपासायचं काम प्रीतीच्या बाहेरचं आहे असं का मानतेस? 2022 मध्ये गांबियात खोकल्याचं औषध घेऊन कित्येक लहान मुलं गेली, त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. औषध भारतातून गेलेलं होतं. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. नमुना तपासणारा माणूस मधेच उभा असतो, बाटली आणि त्या लेकराच्या मध्ये. घाईची सही मागितली की ती न करणं, बॅच पुन्हा तपासणं, वरिष्ठ नाराज झाला तरी आकडा आहे तसा लिहिणं, हे शेजाऱ्यावर प्रीती करणंच आहे. तो शेजारी तुला कधी दिसणार नाही, एवढाच फरक. पुढे कधी प्रभूने बायबल कॉलेजात बोलावलं तर जा, मी स्वतः बॅग भरून देईन. पण आपण रिकामे आहोत या भीतीने जाऊ नकोस.

आणि त्या रूममेटशी बोलणं टाकलंयस ते आधी सुरू कर. दिसणाऱ्या भावाबहिणीवर प्रीती न करता न दिसणाऱ्या देवावर कशी करणार, हे योहानाने इतकं साफ लिहिलंय की मी त्यात काही भर घालत नाही. भांडी तिने घासली नाहीत तर नीट बसून सांग. मनात धरून एकटीच घासत बसू नकोस. तीही प्रीती नव्हे.

ईस्टरला ये. गोवा एक्सप्रेसची तिकिटं लवकर संपतात, आजच काढ, म्हणजे पुण्याहून थेट वास्कोला उतरशील. येण्याआधी आजींच्या सगळ्या औषधांची एक यादी मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फ्रिजवर लाव, गोळीच्या नावाखाली आतल्या औषधाचंही नाव लिही. त्यांच्या मुलाचा नंबर घेऊन ठेव. तू इथे असशील तेवढे दिवस त्यांच्याकडे कोण डोकावेल ते ठरव, त्या रूममेटलाच विचारून पाहा. त्यांना सोलं आणि कुळथाचं पीठ चालतं का, हेही विचार. पप्पा म्हापशाच्या बाजारातून आणणार आहेत, म्हणून शुक्रवारच्या आत कळव.

तुझी,
मम्मी